पावसाळ्यात कपाटाचं दार घासतं, फळी फुगते, मायका सुटतो : पॉप्लर प्लायच्या फर्निचरची तपासणी

मृगाचा पाऊस स्थिरावला की सांगली-साताऱ्यात घरोघरच्या कपाटांची एकच तक्रार सुरू होते. दार चौकटीला घासतं, सिंकखालची फळी फुगते, शटरच्या खालच्या कडेला मायका उचलला जातो. दिवाळीपर्यंत बरंचसं आपोआप जागेवर येतं आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच. मी फर्निचर दुरुस्तीची कामं करतो आणि सगळ्यात जास्त बोलावणी याच दुखण्यासाठी येतात. बहुतेक घरांत माझ्या आधी कुणीतरी येऊन दार तासून गेलेलं असतं. तासल्यावर दार त्या दिवशी बसतं खरं, पण ज्या ओलीमुळे ते फुगलं ती जागच्या जागी राहते. म्हणून रंध्याला हात लावण्याआधी ओल कुठून येते ते शोधायचं. खालच्या तपासण्या त्यासाठीच आहेत. फुकटात होणाऱ्या आधी, खर्चाच्या नंतर.

आधी लक्षण ओळखा

दार फक्त पावसाळ्यात घासत असेल आणि एप्रिल-मेमध्ये मोकळं होत असेल, तर लाकूड हवेतली ओल घेऊन फुगतंय. हा सगळ्यात सौम्य प्रकार. बाराही महिने घासत असेल आणि दाराचा बिजागरीपासून लांबचा कोपरा खाली आला असेल, तर दोष बहुधा बिजागरीत किंवा तिच्या स्क्रूत असतो, ओलीशी त्याचा संबंध नसतो.

खालच्या चार बोटांच्या पट्ट्यातच फुगवटा आला असेल तर पाणी फरशीवरून येतंय. पाठीच्या फळीवर काळे-हिरवे ठिपके, कपड्यांना कुबट वास, हाताला गारवा, असं असेल तर भिंत ओली आहे. दार वर-खाली टेकतं पण मधे पोट सुटल्यासारखं बाहेर येतं, किंवा त्याचा एक कोपरा कायम उघडा राहतो, तेव्हा शटरला बाक आलेला असतो. आणि खणात, ड्रॉवरमध्ये बारीक भुकटी पडत असेल तर कीड लागली आहे. त्याची तपासणी वेगळी, ती पुढे लिहिली आहे.

एकाच कपाटात दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर खालच्या फुगवट्यापासून सुरुवात करा. पाण्याचा दोष आधी मिटवला की बाकीच्यातलं किती उरतं ते कळतं.

हे लाकूड इतकं फुगतं का

दुकानात कमर्शियल म्हणून मिळणाऱ्या स्वस्त प्लायच्या आत बरेचदा पॉप्लर असतं. वरचा लालसर पापुद्रा दुसऱ्या लाकडाचा असतो. कापलेल्या कडेला जो पांढरट, वास नसलेला, नखाने सहज दबणारा थर दिसतो तो पॉप्लरचा. हे झाड आपल्याकडच्या बांधावर दिसत नाही. ते मूळचं उत्तर अमेरिकेचं. बिया पिकल्या की कापसाचे पुंजके उडतात, म्हणून तिकडे त्याला कॉटनवुड म्हणतात. भारतात पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या तराईत शेतकरी ते गव्हाच्या रानात ओळीने लावतात आणि साधारण ६ ते ८ वर्षांत तोडतात. हरियाणातलं यमुनानगर या धंद्याचं मोठं ठिकाण. तिथे खोड सोलून त्याचे पातळ पापुद्रे काढतात आणि एक आडवा, एक उभा असे चिकटवून प्लाय करतात.

आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्याच कुळातलं हे झाड आहे. पाण्याजवळ झपाट्याने वाढतं, त्यामुळे लाकूड हलकं आणि सच्छिद्र. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, तर सुकं पॉप्लर सव्वाचारशेच्या आसपास. हलकं असल्याने ते सोलायला सोपं, उचलायला सोपं, स्वस्त पडतं आणि कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं चांगलं टिकतं. मी त्याला वाईट लाकूड म्हणणार नाही. मात्र त्याच्या अंगी सागासारखं तेल नाही. कुजण्यापासून किंवा किडीपासून ते स्वतःला वाचवू शकत नाही, आणि उघडी कड मिळाली की पाणी भराभर ओढून घेतं.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. "आमची प्लाय वॉटरप्रूफ आहे, तरी कशी फुगली?" असं लोक विचारतात. प्लायला एमआर (दमटपणा सोसणारी) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारी) असे दर्जे असतात, आयएस ७१० या भारतीय मानकाची ती मरीन प्लाय. या दर्ज्यांत मुख्य कसोटी लागते ती गोंदाची. मरीन प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहतात. गोंद टिकला म्हणजे लाकूड पाणी पिणार नाही, असं नाही. चांगल्या दर्ज्याच्या प्लायचे थर एकमेकांना धरून राहतात, पण कड उघडी असेल तर तीही फुगतेच.

पहिली तपासणी : पेन्सिल आणि लग्नपत्रिका

दार घासतं त्या जागी पेन्सिलने खूण करा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा घेऊन दाराच्या चारही बाजूंच्या फटीतून फिरवा आणि अडकतो तिथे खूण करा. आठ-दहा दिवसांनी, मधे दोन दिवस ऊन पडून गेल्यावर, पुन्हा फिरवा. अडकण्याची जागा कमी-जास्त होत असेल तर ओलीचा खेळ आहे. एका मिलिमीटरचाही फरक पडत नसेल तर बिजागरीकडे जा. यात एक पैसा लागत नाही आणि पुढची निम्मी तपासणी वाचते, म्हणून ही वगळू नका.

दुसरी : बिजागरी

हल्लीच्या कपाटांना दाराच्या आतून ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडून बसवलेली ऑटो बिजागरी असते. तिच्या हातावर दोन स्क्रू दिसतात. दाराच्या जवळचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं. मागचा सैल केला की आत-बाहेर होतं. वर-खाली करायचं असेल तर कपाटाच्या बाजूला बसवलेल्या पट्टीचे स्क्रू थोडे सैल करून दार उचलायचं आणि पुन्हा आवळायचं. एका वेळी पाव फेरा, त्यापेक्षा जास्त नको. आणि सगळ्या बिजागऱ्या सारख्याच फिरवायच्या, नाहीतर दार पिळतं.

स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक मोठं झालंय. पॉप्लर मऊ, त्यामुळे त्यात स्क्रूची पकड मुळात कमी असते. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल सोडा, गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून भरा, वरच्या वर कापा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी तोच स्क्रू हाताने आवळा, ड्रिल मशीन नको. भोकाच्या भोवतीची प्लाय दाबल्यावर ओली किंवा भुसभुशीत लागली तर मात्र काड्या भरून उपयोग नाही. तिथे पाणी पोचलेलं आहे.

बिजागऱ्या पुरेशा आहेत का तेही मोजा. ३ फुटांपर्यंतच्या दाराला २, ५ फुटांपर्यंत ३, साडेसहा फुटांपर्यंत ४ आणि त्याहून उंच असेल तर ५. सात फुटी दाराला तीनच बिजागऱ्या लावलेल्या मी नेहमी पाहतो, आणि अशी दारं हमखास झुकतात.

तिसरी : फरशी आणि दाराची खालची कड

पाहायला सोपी असूनही सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हिच्याकडे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, फोन दाराखाली फरशीवर उताणा ठेवा आणि दाराची खालची कड बघा. समोरून पाहिलं तर दाराला मायका आहे, बाजूला पट्टी आहे, सगळं झाकलेलं दिसतं. खालून मात्र बऱ्याच दारांचं लाकूड उघडं असतं. पांढरे थर मोजता येतात, त्यांच्यामधल्या गोंदाच्या बारीक रेषा दिसतात आणि फरशी पुसल्याचं पाणी जिथवर चढलं तिथवर एक तपकिरी डाग असतो. बोट फिरवून पाहा. चांगली कड गुळगुळीत लागते. पाणी प्यालेल्या कडेचे थर खाली-वर झालेले असतात आणि बोटाला कुसळं लागतात.

सुतार दार उभं लावतो, खालची कड कुणाला दिसत नाही, म्हणून पट्टी मारायची राहते. रोज ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवरचं पाणी तिथून शिरतं. लाकडात पाणी धाग्याच्या दिशेने सगळ्यात लवकर चढतं, आणि प्लायच्या कुठल्याही कडेला निम्म्या थरांची टोकं उघडी असतातच.

उपाय साधा आहे. कोरड्या दिवसांत दार काढा, कड पूर्ण वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर मारा आणि ऑइल पेंट किंवा पीयू सीलरचे (लाकडाची छिद्रं बंद करणारा लेप) दोन हात द्या. वर पट्टी चिकटवली तर आणखी चांगलं. बिजागरीच्या गोल भोकाच्या आतून आणि हँडलच्या भोकांतूनही सीलर फिरवा. ओल्या कडेवर रंग मारू नका. आत अडकलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि लाकूड आतून काळं पडतं. कपाट थेट फरशीवर बसवलेलं असेल तर खाली पीव्हीसीचे पाय किंवा ग्रॅनाइटची पट्टी घालून घेणं हाच कायमचा इलाज.

चौथी : सिंकखालचा खण

खण रिकामा करा, पुसून कोरडा करा आणि रात्री झोपताना तळाला वर्तमानपत्र अंथरा. सकाळी ओला डाग कुठे आहे ते पाहा. डाग मागे, नळाच्या जोडाखाली असेल तर दाबाच्या पाण्याची गळती. ती चोवीस तास चालू असते, म्हणून घाईने दुरुस्त करा. रात्री काहीच दिसलं नाही तर सिंक पाण्याने भरून एकदम सोडा आणि खालच्या पाइपच्या प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर टेकवा. इथेही कोरडं निघालं तर सिंक आणि ओट्याच्या मधली सिलिकॉनची रेघ बघा. ती सुटली असेल तर भांडी घासताना उडालेलं पाणी तिथून खाली झिरपतं. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढा, जागा कोरडी करा, मग नवीन भरा. जुन्यावर नवीन धरत नाही.

पाचवी : हवा

पावसाळ्यात कपडे घरातच वाळतात आणि त्यांचं पाणी हवेतून कपाटातच जातं. गच्च भरलेल्या कपाटात हवा फिरत नाही. ऊन पडेल त्या दिवशी दोन तास दारं उघडी ठेवून पंखा लावा, कपाट सुटं असेल तर भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढा. डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात, त्या ओल शोषत नाहीत. ओल शोषणाऱ्या पुड्या वेगळ्या मिळतात. त्यांत पाणी साठलं की बदलाव्या लागतात, आणि भिंत ओली असेल तर त्यांचाही काही उपयोग होत नाही.

महाबळेश्वर, पाचगणी, पाटण भागात मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे भिंतींवर पावसाचा मारा थोपवायला गवताच्या झड्या बांधायची पद्धत आहे ती उगीच नाही. तिकडे बाहेरच्या भिंतीला चिकटून पॉप्लरचं कपाट करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आतल्या भिंतीला करा.

सहावी : भिंत

कपाटाच्या मागची किंवा बाजूची उघडी भिंत निवडा. जाड प्लॅस्टिकचा हातभर लांब-रुंद तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आलं तर हवा दमट आहे, पाचव्या तपासणीकडे परत जा. ही खूण महत्त्वाची, कारण दोन्हीचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि भिंतीचा उपाय खर्चाचा आहे.

भिंत ओली निघाली तर मागे काय आहे ते बघा. बाथरूम आहे का, वरच्या मजल्याचा पाइप आहे का, की बाहेरची पश्चिमेची भिंत आहे? सांगलीत आणखी दोन कारणं असतात. काळ्या मातीवरची घरं पावसात फुगते, उन्हात आकसते अशा जमिनीवर उभी आहेत. भिंतींना तडे जातात आणि पाणी त्यांतून शिरतं. दुसरं, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात जी घरं पाण्यात होती त्यांच्या जुन्या विटांच्या भिंती वरून कोरड्या दिसल्या तरी आत क्षार धरून असतात आणि पावसाळी हवेत पुन्हा ओलावतात. प्लॅस्टर फुलून पांढरी बुकणी गळत असेल तर हेच. अशा भिंतीला नवीन प्लाय चिकटवून आत झाकून टाकली की भिंतही वाळत नाही आणि प्लायही टिकत नाही. आधी भिंत, मग कपाट.

सातवी : टिचकी आणि काळा कागद

बोटाच्या पेराने दारावर, फळीवर टिचक्या मारत जा. भरीव आवाज मधेच पोकळ झाला तर तिथे थर सुटले आहेत. तळहाताएवढा भाग असेल, कड कोरडी असेल, तर सुईच्या सिरिंजने फेविकॉल आत सोडून, वरून सपाट पाट ठेवून शिकंज्यात रात्रभर आवळता येतो. त्याहून मोठा भाग, किंवा एमआर प्लाय बराच काळ भिजलेली, तर तिचा गोंदच गेलेला असतो. ती फळी बदला, डागडुजीत पैसे घालू नका.

भुकटी पडत असेल तर खालची जागा पुसून काळा कागद ठेवा. दोन दिवसांनी पडलेली भुकटी बोटांत चोळा. अगदी मऊ, पिठाची लागते आणि वर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसतात, तर भुंगा आहे. तो कोरड्या लाकडातही जगतो आणि लाकडातली पिष्ट द्रव्यं खातो. कागद कोराच राहिला तर भोकं जुनी, कीड मेलेली असू शकते. भोकांवर तारीख लिहून ठेवा आणि पुढचा उन्हाळा बघा. भुकटीऐवजी मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. ती जमिनीतून, भिंतीतून ओलीच्या आधाराने येते. नळी फोडून रॉकेल ओतण्याने ती मरत नाही, दुसरीकडून वाट काढते.

बाक आलेलं दार

दाराच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधे किती अंतर पडतं ते मोजा. बाक बहुधा एकाच कारणाने येतो. बाहेरून जाड मायका आणि आतून नुसता रंग, किंवा काहीच नाही. एक बाजू बंद, दुसरी बाजू ओल घेते आणि फुगते, मग दार बंद बाजूकडे वळतं. मोनालिसाचं चित्रही पॉप्लरच्याच फळीवर काढलेलं आहे. ती फळीही वाकली आहे, तिला वरून एक जुनी चीर आहे, आणि संग्रहालयात तिच्याभोवतीचा दमटपणा मोजून सांभाळतात. घरात आपण तेवढं करू शकत नाही, पण दोन्ही बाजूंना सारखा थर मात्र देऊ शकतो. आतून बॅलन्सिंगचा पातळ मायका लावून घेतला तर बाक पुढे वाढत नाही. उंच दारांसाठी आत बसवायची ताण देणारी सळई मिळते. थोडा बाक तिने निघतो. दार पिळलंच असेल तर ते बदलावं लागतं.

तासायचं असेलच तर

मिरजेच्या एका काकू म्हणाल्या, "दरवर्षी श्रावणात तासून घेते हो, आणि उन्हाळ्यात फटीतून साड्या दिसतात." फुगलेलं दार तासलं की वाळल्यावर ते आखूड होणारच. शिवाय तासलेली कड उघडी राहते आणि पुढच्या वर्षी आणखी पाणी पिते. ओलीचं कारण मिटवून एक कोरडा ऋतू जाऊ द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तरीही दार घासत असेल तरच तासा आणि त्याच दिवशी कड सील करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कपाटाच्या मागे स्विचबोर्ड किंवा वायरिंग आहे आणि भिंत ओली आहे, तर पाठीची फळी स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. मातीच्या नळ्या चौकटीवर, छताच्या लाकडावर किंवा खोलीच्या दोन भिंतींवर दिसल्या तर पेस्ट कंट्रोलवाल्याचं काम आहे. जमिनीत औषध सोडावं लागतं आणि ती औषधं घरात स्वतः फवारण्यासारखी नसतात. भिंतीला तिरपा तडा आहे, त्यात नाणं शिरतं, पावसागणिक तो वाढतो, तर सुताराला नव्हे, इंजिनिअरला दाखवा. दाबाच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या आत गळत असेल तर प्लंबर. वरचा माळा किंवा भिंतीवर टांगलेली कॅबिनेट खाली झुकली असेल तर आधी आतलं सामान उतरवा, खाली कुणाला उभं राहू देऊ नका. त्यातले स्क्रू सुटायला आले की ते आवळून धरत नाहीत.

पुराच्या पाण्यात बुडालेलं पॉप्लरचं फर्निचर दुरुस्त करत बसू नका. त्यात गटाराचं पाणी शिरलेलं असतं, बुरशी आतल्या थरांत जाते आणि ती कपड्यांना, श्वासाला त्रास देते.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा : दार कोणत्या महिन्यांत घासतं, खालच्या कडेचा फोटो, प्लॅस्टिकच्या कोणत्या बाजूला दव आलं आणि काळ्या कागदावर काय पडलं. सुताराची गरज आहे, गवंड्याची की प्लंबरची, ते बहुतेक वेळा यावरून फोनवरच सांगता येतं.